वॉल्टर कॅम्प : मैदान आणि कारखाना

फुटबॉल हा शब्द उच्चारताच भारतीय वाचकाच्या डोळ्यांसमोर कोलकात्याचे मैदान, मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांची झुंज आणि पायांनी खेळवला जाणारा गोल चेंडू उभा राहतो. अमेरिकेत मात्र हाच शब्द एका निराळ्याच खेळासाठी वापरला जातो. तेथील चेंडू लंबगोल असतो, तो बहुतेक वेळ हातात असतो, आणि खेळाडू शिरस्त्राण व जाड गाद्या अंगावर चढवून एकमेकांवर तुटून पडतात. काही क्षण धुमश्चक्री चालते, शिट्टी वाजते, सर्व थांबते. पुन्हा दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात आणि पुन्हा तेच. प्रथमच पाहणाऱ्याला हा खेळ सलग वाटतच नाही. तो तुकड्यातुकड्यांनी, मोजूनमापून चाललेला एखादा व्यवहार वाटतो. ही मोजमापाची पद्धत त्या खेळात आपोआप आलेली नाही. ती बव्हंशी एका माणसाच्या बुद्धीतून निघाली. तो माणूस प्रथम महाविद्यालयीन खेळाडू होता, नंतर मार्गदर्शक झाला आणि पोटासाठी आयुष्यभर घड्याळांच्या कारखान्यात नोकरी करीत अखेर त्या कारखान्याचा प्रमुख झाला. त्याचे नाव वॉल्टर चॉन्सी कॅम्प.

कॅम्पचा जन्म ७ एप्रिल १८५९ रोजी कनेक्टिकट राज्यातील न्यू ब्रिटन या गावी झाला. वडील शाळामास्तर होते. घराणे खाऊनपिऊन सुखी, पण श्रीमंत नव्हे. मुलाचे शिक्षण न्यू हेवन येथील जुन्या हॉपकिन्स शाळेत झाले आणि १८७६ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याने त्याच शहरातील येल विद्यापीठात प्रवेश घेतला. हे वर्ष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. अमेरिकेतील आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलचा पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला होता. प्रत्येक बाजूस पंचवीस खेळाडू होते आणि रटगर्सने तो सहा विरुद्ध चार असा जिंकला होता. परंतु तो खेळ आपल्या परिचयाच्या फुटबॉलला अधिक जवळचा होता. पुढे हार्वर्डने कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाशी सामने खेळताना रग्बीची गोडी लावून घेतली आणि १८७६ च्या अखेरीस स्प्रिंगफील्ड येथे जमलेल्या महाविद्यालयांच्या प्रतिनिधींनी इंग्लंडमधील रग्बीचेच नियम थोड्याफार फरकाने स्वीकारले. म्हणजे कॅम्प येलच्या संघात आला तेव्हा खेळ नुकताच परदेशातून आणून मांडलेला होता. त्याला अद्याप या मातीचे वळण लागायचे होते.

कॅम्प हाफबॅकच्या जागी खेळत असे. अंगाने तो धिप्पाड नव्हता, पण चपळ होता. त्याची लाथही लांबवर जाई. पदवीनंतर वैद्यकाचा अभ्यास करतानाही तो संघातून खेळत राहिला. त्या काळी यावर बंधन नव्हते. तो काही काळ संघनायक होता. येथे संघनायक या शब्दाचा अर्थ आजच्यापेक्षा व्यापक घ्यावयास हवा. पगारी प्रशिक्षक ही व्यक्ती तेव्हा अस्तित्वातच नव्हती. खेळाडू निवडणे, सराव घेणे, शिस्त लावणे आणि इतर महाविद्यालयांशी नियमांविषयी वाटाघाटी करणे हे सर्व विद्यार्थीच करीत. नियम ठरविणाऱ्या परिषदांनाही विद्यार्थीच जात. कॅम्प विद्यार्थी असल्यापासून या परिषदांना जाऊ लागला आणि पुढे जवळजवळ अर्धशतक, मृत्यूच्या दिवसापर्यंत, जातच राहिला.

रग्बीतील स्क्रम म्हणजे काय हे येथे सांगितले पाहिजे, कारण त्यावाचून कॅम्पच्या कामगिरीचे मर्म कळणार नाही. खेळ अडला म्हणजे दोन्ही बाजूंचे आघाडीचे खेळाडू खांद्याला खांदा भिडवून एक घोळका करतात, मध्ये चेंडू टाकला जातो आणि पायांच्या धडपडीत तो ज्या बाजूने बाहेर पडेल त्या बाजूला मिळतो. चेंडू कोणाला मिळेल हे बऱ्याच अंशी दैवावर असते. इंग्रज खेळाडूला त्या अनिश्चिततेत मौज वाटे. कॅम्पला ती खटकली. चेंडू आपल्या हाती येणार की नाही हेच ठाऊक नसेल तर पुढची आखणी करायची कशी, हा त्याचा प्रश्न होता. १८८० च्या परिषदेत त्याने दोन सूचना मंजूर करून घेतल्या. पहिली, प्रत्येक बाजूस पंधराऐवजी अकरा खेळाडू असावेत. दुसरी, ज्या बाजूकडे चेंडू आहे तिने तो जमिनीवर ठेवून पायाने मागे सारावा आणि मागच्या खेळाडूने तो उचलून पुढे द्यावा. तोवर प्रतिपक्षाने आपल्या रेषेपलीकडे थांबावे. या व्यवस्थेला स्क्रिमेज हे नाव मिळाले आणि मागे उभा राहून चेंडू घेणारा खेळाडू क्वार्टरबॅक म्हणून ओळखला जाऊ लागला. कालांतराने पायाऐवजी हाताने चेंडू मागे देण्याची पद्धत रूढ झाली. नियम तसा दोन ओळींचा. पण त्याने रग्बी आणि अमेरिकी फुटबॉल यांची कायमची फारकत केली. चेंडूवर एका पक्षाचा निर्विवाद ताबा आला. ताबा आला म्हणून योजना शक्य झाली आणि योजना शक्य झाली म्हणून प्रत्येक खेळाडूला आगाऊ ठरवून दिलेले काम आले. खुणेचे आकडे ओरडून चाल सांगणे, एकच चाल शंभर वेळा घोटून घेणे, हे सर्व त्यातूनच निघाले.

कोणत्याही सुधारणेप्रमाणे हिलाही एक पळवाट होती आणि ती शोधून काढण्यास खेळाडूंना वेळ लागला नाही. ताबा निर्विवाद असेल तर तो सोडायचाच कशाला? १८८१ सालच्या येल-प्रिन्स्टन सामन्यात प्रिन्स्टनने पूर्वार्धभर चेंडू आपल्याकडे दाबून ठेवला आणि उत्तरार्धभर येलने. पुढे जाण्याचा प्रयत्न कोणी केलाच नाही. सामना शून्य-शून्य असा सुटला आणि पैसे मोजून आलेले प्रेक्षक चिडले. वृत्तपत्रांनी टीका केली. जुन्या स्क्रमकडे परतावे असेही काहींना वाटू लागले. कॅम्पने माघार घेतली नाही. एका नियमातून निपजलेल्या दोषावर दुसरा नियम काढावा ही त्याच्या मनाची ठेवण होती. १८८२ मध्ये त्याच्या पुढाकाराने असे ठरले की, लागोपाठ तीन प्रयत्नांत चेंडू किमान पाच यार्ड पुढे नेला पाहिजे, किंवा दहा यार्ड मागे आणला पाहिजे. नाही तर ताबा प्रतिपक्षाला द्यावा. या प्रयत्नाला डाऊन म्हणतात. मराठीत आपण त्याला डाव म्हणू शकलो असतो, उच्चारही जवळचा आहे; पण डाव या शब्दाला आपल्याकडे इतके अर्थ चिकटलेले आहेत की मूळ शब्दच ठेवणे बरे. पाच यार्ड झाले की नाही हे ठरवायचे तर मैदानावर खुणा हव्यात. म्हणून दर पाच यार्डांवर चुन्याच्या आडव्या रेघा मारण्यात आल्या. दुरून पाहता मैदान पापड भाजण्याच्या लोखंडी जाळीसारखे दिसू लागले आणि इंग्रजीत त्या जाळीचा जो शब्द आहे, ग्रिडआयर्न, तोच या मैदानाचे नाव होऊन बसला. १८८३ मध्ये गुणांची आकडेवारी आली. चेंडू प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे टेकवल्यास दोन गुण, त्यानंतर लाथेने गोल साधल्यास चार, मैदानातून थेट गोल केल्यास पाच. हे आकडे पुढे अनेकदा बदलले. महत्त्वाचे हे की, जागा, प्रयत्न आणि यश या तिन्ही गोष्टी आता अंकांत मांडता येऊ लागल्या.

दोनएक वर्षे वैद्यकाचे शिक्षण घेऊन कॅम्पने ते सोडले. मॅनहॅटन वॉच कंपनीत थोडा काळ काम केल्यावर तो न्यू हेवन क्लॉक कंपनीत कारकून म्हणून लागला. कनेक्टिकट हे राज्य तेव्हा घड्याळांचे आगर होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच तेथील कारागिरांनी लाकडी चाकांऐवजी पितळी पत्र्याची ठोकून काढलेली चाके वापरून स्वस्त घड्याळे हजारोंनी बनविण्याची रीत बसवली होती. ती घड्याळे समुद्रापार जात. आपल्याकडील जुन्या वाड्यांतून भिंतीवर टांगलेली अमेरिकी लंबकाची घड्याळे ज्यांनी पाहिली असतील त्यांना या धंद्याच्या पसाऱ्याची कल्पना येईल. १८ नोव्हेंबर १८८३ रोजी अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांनी गावोगावच्या स्थानिक वेळा बाजूला सारून प्रमाणवेळ अमलात आणली. (आपल्या मुंबईने आपली निराळी वेळ १९५५ पर्यंत जपली, हे जाता जाता सांगण्यासारखे आहे.) त्याच सुमारास फ्रेडरिक टेलर हा अभियंता फिलाडेल्फिया येथील पोलादाच्या कारखान्यात हाती घड्याळ घेऊन कामगाराच्या एकेका हालचालीला किती क्षण लागतात याची नोंद करू लागला होता.

कॅम्पने कारखान्यातली शिस्त मैदानावर नेली, असे विधान करण्याचा मोह कोणालाही होईल. ते अर्धेच खरे आहे. त्याचे मूळ नियम १८८० आणि १८८२ चे, म्हणजे तो कारखान्यात स्थिरावण्यापूर्वीचे आहेत. मला वाटते, कारखाना आणि मैदान या दोन्ही ठिकाणी एकच वारा वाहत होता. कामाची वाटणी करावी, प्रत्येकाचा वाटा मोजावा, दैवाला शक्य तितके हद्दपार करावे आणि देखरेख करणाऱ्याने स्वतः हात न लावता सर्व चालवावे, ही त्या पिढीची श्रद्धाच होती. कॅम्प त्या श्रद्धेचा दोन्हीकडचा पुजारी होता, एवढे म्हणता येईल. कारकुनापासून चढत चढत विसाव्या शतकाच्या आरंभी तो कंपनीचा अध्यक्ष झाला आणि पुढे संचालक मंडळाचाही प्रमुख झाला. धंद्यातील त्याच्या कारकिर्दीविषयी याहून अधिक लिहावे असे नाट्य त्यात नाही. तो एक दक्ष, सावध आणि वेळेचा पक्का व्यवस्थापक होता.

खरे नाट्य संध्याकाळी घडे. १८८८ मध्ये कॅम्पचा विवाह अ‍ॅलिस ग्रॅहम सम्नर हिच्याशी झाला. येलमधील सुप्रसिद्ध समाजशास्त्रज्ञ विल्यम ग्रॅहम सम्नर हा तिचा सावत्र भाऊ. त्याच वर्षापासून १८९२ पर्यंत कॅम्प येलचा प्रमुख मार्गदर्शक मानला जातो. परंतु सराव दुपारी असे आणि दुपारी कॅम्प कंपनीच्या कचेरीत बांधलेला असे. यावर पतिपत्नींनी जो तोडगा काढला तो क्रीडेतिहासात अपूर्व आहे. अ‍ॅलिस रोज मैदानाच्या कडेला उभी राहून सराव पाही आणि कोण कोठे चुकला, कोणाची सुरुवात मंद झाली, कोणती रांग फुटली याची टिपणे घेई. संध्याकाळी कॅम्प घरी आला की ती टिपणे त्याच्यापुढे येत. जेवणानंतर संघनायक आणि प्रमुख खेळाडू त्याच्या घरी जमत आणि दुसऱ्या दिवसाची आखणी होई. ज्या काळात या महाविद्यालयात मुलींना प्रवेशही नव्हता, त्या काळात तेथील विजयी संघाच्या मार्गदर्शनाचा अर्धा भार एक स्त्री वाहत होती. तिचे नाव कोठल्याही अधिकृत हुद्द्यापुढे लागले नाही हे ओघानेच आले. या पाच वर्षांत येलने ६७ सामने जिंकले आणि २ गमावले. १८८८ साली तर तेरा सामन्यांत ६९८ गुण मिळविले आणि प्रतिपक्षाला एकही दिला नाही. १८९१ आणि १८९२ या वर्षांतही येलविरुद्ध कोणी एक गुण नोंदवू शकले नाही. कॅम्पने या कामाचा मोबदला घेतला नाही. येलचे जुने खेळाडू देशभरच्या महाविद्यालयांत शिकवायला जाऊ लागले आणि त्यांच्याबरोबर कॅम्पची पद्धतही गेली. शिकागो विद्यापीठात चार दशके गाजलेला एमॉस अलान्झो स्टॅग हा त्यांतलाच एक. स्वतः कॅम्पनेही पुढे कॅलिफोर्नियातील नव्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संघाला काही हंगाम मार्गदर्शन केले.

कॅम्पचे दुसरे शस्त्र म्हणजे लेखणी. त्याने पुस्तके लिहिली, नियमांच्या वार्षिक पुस्तिका संपादिल्या आणि मासिकांतून असंख्य लेख लिहिले. खेळ न पाहिलेल्या वाचकालाही खेळाची भाषा कळावी अशी त्याची धडपड असे. १८८९ मध्ये कॅस्पर व्हिटनी या पत्रकाराच्या नियतकालिकात संपूर्ण देशातून निवडलेल्या अकरा आदर्श खेळाडूंची यादी प्रसिद्ध झाली. ही कल्पना व्हिटनीची की कॅम्पची याविषयी वाद आहे, पण पुढची अनेक वर्षे ‘ऑल-अमेरिका’ संघ म्हणजे कॅम्पने निवडलेला संघ हे समीकरण पक्के होते. पहिल्या यादीतले अकराही जण हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या तीनच विद्यापीठांचे होते. ‘संपूर्ण देश’ म्हणजे पूर्व किनाऱ्यावरची तीन श्रीमंत विद्यापीठे, असा त्याचा अर्थ. त्या यादीत प्रिन्स्टनचा क्वार्टरबॅक म्हणून एडगर अ‍ॅलन पो हे नाव वाचून साहित्याचा अभ्यासक दचकेल. हा त्या कवीच्याच कुळातला, पण निराळा पो. यादीचे वर्तुळ हळूहळू रुंदावत गेले. १८९२ मध्ये हार्वर्डच्या विल्यम हेन्री लुइस या कृष्णवर्णीय खेळाडूची निवड झाली, १९११ मध्ये कार्लाइल येथील आदिवासींच्या शाळेचा जिम थॉर्प आला, आणि १९१८ च्या यादीत रटगर्सचा पॉल रोबसन होता. तोच रोबसन, ज्याच्या धीरगंभीर गाण्याने पुढे जग भारले आणि ज्याच्यापासून आपल्या भूपेन हजारिकांनी प्रेरणा घेतली.

येथवरची हकीकत यशाची आहे. आता तिची दुसरी बाजू पाहू. १८८८ मध्ये कॅम्पच्या पुढाकाराने आणखी एक नियम झाला. पळणाऱ्या खेळाडूला कमरेखाली, गुडघ्यापर्यंत, पकडण्याची मुभा मिळाली. उघड्यावर पळणारा खेळाडू आता सहज खाली पाडला जाऊ लागला. मग मोकळ्यावर पळायचेच कशाला? संघांनी आपली माणसे आवळून जवळ आणली आणि चेंडूधारकाभोवती देहांची भिंत करून एकाच जागी धडक मारण्यास आरंभ केला. तीन प्रयत्नांत पाचच यार्ड हवे होते. तेवढे अशा धडकांनी सहज मिळत. १८९२ मध्ये लॉरिन डीलंड या, स्वतः कधीही फुटबॉल न खेळलेल्या आणि बुद्धिबळ व नेपोलियनच्या लढाया यांचा व्यासंग असलेल्या गृहस्थाने हार्वर्डला एक व्यूह शिकवला. दोन टोळ्या दुरून धावत येऊन पाचरीच्या आकारात एकत्र होत आणि साऱ्या वेगानिशी प्रतिपक्षाच्या एकाच खेळाडूवर आदळत. हा ‘उडती पाचर’ नावाचा व्यूह १८९४ मध्ये बंद करण्यात आला. पण त्याच वर्षीचा हार्वर्ड-येल सामना इतका रक्तरंजित झाला की, त्यापुढील दोन वर्षे ही दोन विद्यापीठे एकमेकांशी खेळलीच नाहीत. शिरस्त्राणे तेव्हा रूढ नव्हती. डोक्यावर वाढवलेले केस हेच संरक्षण.

मनुष्य म्हणून कॅम्पची कसोटी येथे लागली. १८९४ मध्ये त्याने जुने खेळाडू, शिक्षक व इतर जाणकार यांना प्रश्नावली पाठवून त्यांची उत्तरे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. निष्कर्ष असा की, खेळाने अपाय होतो त्यापेक्षा हित अधिक होते. या चौकशीत अनुकूल उत्तरांना ठळक जागा मिळाली आणि प्रतिकूल उत्तरे मागे पडली, असे नंतरच्या इतिहासकारांनी दाखवून दिले आहे. कॅम्प खोटारडा होता असे मला वाटत नाही. आपल्या हातांनी उभारलेल्या यंत्रात दोष असेल तर तो एखाद्या सुट्या भागाचा असेल, यंत्राचा नव्हे, अशी त्याची मनोमन खात्री होती. धसमुसळेपणा करणारे खेळाडू वाईट, ढिले पंच वाईट, रचना निर्दोष. परंतु माणसे मोडत होती ती नियम पाळूनच. तीन प्रयत्न आणि पाच यार्ड या हिशेबातच धडकेला बक्षीस होते.

दुसरी गाठ पैशाची. सभ्य गृहस्थाने पैशासाठी खेळू नये हे कॅम्पचे तत्त्व होते आणि तो ते अनेकदा लिहीत असे. तथापि मोठ्या सामन्यांना तीस-चाळीस हजार प्रेक्षक तिकिटे काढून येऊ लागले होते. त्याच्याच तालमीत तयार झालेला विल्यम हेफेलफिंगर हा येलचा नामांकित खेळाडू १२ नोव्हेंबर १८९२ रोजी पिट्सबर्ग येथे एका क्लबातर्फे खेळला आणि त्याने ५०० डॉलर घेतले. व्यावसायिक फुटबॉलचा आरंभ याच तारखेपासून मानतात. येलच्या सर्व खेळांचा खजिना कॅम्पच्या हाती होता. त्यात सुमारे एक लाख डॉलर साठले आहेत हे १९०५-०६ च्या सुमारास वृत्तपत्रांनी उघड केले तेव्हा गहजब झाला. त्याने ते स्वतःसाठी वापरले असा आरोप कोणी केला नाही. पण विद्यार्थ्यांच्या हौसेतून निघालेला खेळ आता मोठी मालमत्ता झाला आहे आणि तिच्यावर अध्यापकांची वा विद्यार्थ्यांची नव्हे, तर शहरातल्या एका व्यापाऱ्याची देखरेख आहे, ही गोष्ट सर्वांच्या ध्यानात आली.

१९०५ साली प्रकरण हातघाईवर आले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हा मर्दानी खेळांचा भोक्ता. त्याला फुटबॉल बंद करायचा नव्हता, वाचवायचा होता. ९ ऑक्टोबर रोजी त्याने हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाऊसमध्ये बोलावले. त्यात कॅम्प होता. परतीच्या प्रवासात प्रतिनिधींनी नियमांचे अक्षरशः व भावनेने पालन करण्याचे एक निवेदन तयार केले. निवेदनाने काही थांबले नाही. त्या हंगामात वृत्तपत्रीय मोजणीनुसार अठरा तरुण मृत्युमुखी पडले. त्यांत पुष्कळसे शालेय वयाचे होते. नोव्हेंबरच्या अखेरीस न्यूयॉर्क येथील एका सामन्यात युनियन कॉलेजचा एक विद्यार्थी डोक्याला मार बसून मरण पावला, तेव्हा न्यूयॉर्क विद्यापीठाचे प्रमुख हेन्री मॅक्रॅकन यांनी महाविद्यालयांची परिषद बोलावली. काही विद्यापीठांनी खेळच बंद केला. कोलंबिया त्यांत होते. पश्चिमेकडील स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया हे रग्बीकडे परतले. परिषदेतून एक नवी संघटना आणि नवी नियमसमिती जन्मली आणि कॅम्पच्या जुन्या समितीला तिच्याबरोबर बसावे लागले. पंचवीस वर्षांत प्रथमच नियम ठरविताना निर्णायक शब्द त्याचा नव्हता.

तडजोड १९०६ मध्ये झाली. कॅम्पचा आग्रह असा की, पाच यार्डांऐवजी दहा यार्डांची अट घालावी. नुसत्या धडकेने एवढे अंतर मिळणार नाही, संघांना मोकळ्यावर यावेच लागेल. ही सूचना मान्य झाली. हा उपाय अगदी त्याच्या मनाच्या घडणीतला होता. आकडा बदलला की वर्तन बदलेल. परंतु सुधारकांना एवढ्याने समाधान नव्हते. त्यांनी चेंडू हाताने पुढे फेकण्याची, म्हणजे फॉरवर्ड पासची, मुभा मागितली. कॅम्पला ती कल्पना रुचली नाही. हवेत भिरकावलेला चेंडू कोणाच्या हाती पडेल याचा नेम नाही. जे दैव त्याने १८८० मध्ये मैदानाबाहेर घालवले होते तेच आकाशमार्गाने परत येत होते. तरीही पास मंजूर झाला, जरी आरंभी अनेक जाचक अटींसह. दोन रांगांमध्ये चेंडूच्या लांबीएवढी तटस्थ पट्टी आली आणि खेळाची वेळ सत्तर मिनिटांवरून साठ मिनिटांवर आणली गेली. मृत्यू लगेच थांबले नाहीत. १९१० आणि १९१२ मध्ये आणखी फेरफार करावे लागले. दहा यार्डांसाठी तीनऐवजी चार प्रयत्न मिळू लागले ते १९१२ पासून. १ नोव्हेंबर १९१३ रोजी नोत्र दाम या तोवर फारशा गाजावाजा नसलेल्या कॅथलिक महाविद्यालयाने लष्करी अकादमीच्या बलाढ्य संघाला पासच्या जोरावर ३५ विरुद्ध १३ असे हरविले आणि पुढच्या खेळाची दिशा स्पष्ट झाली. आजच्या अमेरिकी फुटबॉलचा प्राण पास हाच आहे. तथापि तो पास ज्या चौकटीत फेकला जातो ती चौकट, म्हणजे निर्विवाद ताबा, मोजके प्रयत्न, ठरलेले यार्ड आणि मागे उभा असलेला क्वार्टरबॅक, कॅम्पचीच आहे.

पहिल्या महायुद्धात अमेरिका १९१७ मध्ये उतरली तेव्हा कॅम्प अठ्ठावन्न वर्षांचा होता. न्यू हेवनमधील पंचेचाळिशी उलटलेल्या गृहस्थांना गोळा करून त्याने त्यांना कवायत शिकविली. मग नौदलाच्या छावण्यांतील शारीरिक शिक्षणाचे काम त्याच्याकडे आले. वॉशिंग्टनमध्ये बैठ्या कामाने स्थूल झालेल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांकडूनही तो सकाळी व्यायाम करून घेई. या अनुभवातून त्याने बारा व्यायामप्रकारांचा एक क्रम बसविला आणि ‘डेली डझन’ या नावाने तो देशभर पसरला. तीन-तीन प्रकारांचे चार गट होते. साधनसामग्री लागत नसे आणि वेळही थोडाच लागे. प्राणिसंग्रहालयातील वाघ-सिंह व्यायामशाळेत जात नाहीत, जागच्या जागी अंग ताणतात, तेवढ्यावर त्यांचे स्नायू शाबूत राहतात, असे त्याचे निरीक्षण होते. १९२० नंतर या व्यायामाच्या ग्रामोफोनच्या तबकड्या निघाल्या आणि घरोघरी लोक संगीताच्या तालावर हातपाय हलवू लागले. फुटबॉल कधीही न पाहिलेल्या लाखो अमेरिकनांना कॅम्पचे नाव ठाऊक झाले ते या बारा हालचालींमुळे. ज्या खेळात अकरा निवडक तरुण धडका घेत आणि हजारो बसून पाहत, त्याच्या जनकाने उतारवयात बसून पाहणाऱ्यांच्या आरोग्याची काळजी वाहावी, यातला विरोधाभास त्याला स्वतःला जाणवला होता की नाही कोण जाणे.

मार्च १९२५ मध्ये नियमसमितीची वार्षिक बैठक न्यूयॉर्क येथे भरली होती. कॅम्प नेहमीप्रमाणे हजर होता. १४ तारखेला सकाळी तो बैठकीला आला नाही. वेळेच्या बाबतीत त्याच्याकडून असे कधी होत नसे, म्हणून सहकाऱ्यांनी हॉटेलमधील त्याच्या खोलीचा दरवाजा उघडवला. रात्रीच झोपेत त्याचा अंत झाला होता. तेव्हा त्याचे वय पासष्ट वर्षांचे होते. येलच्या भव्य क्रीडांगणाच्या प्रवेशाशी १९२८ मध्ये त्याच्या स्मरणार्थ कमान उभारण्यात आली. तिच्यासाठी देशभरच्या शेकडो महाविद्यालयांनी आणि शाळांनी वर्गणी पाठविली होती. न्यू हेवनचा घड्याळांचा कारखाना त्याच्या मागे आणखी तीनएक दशके चालला आणि १९६० च्या सुमारास बंद पडला.